व्यंकटदादाचा जबाब

दुपारच्या सुट्टीत कामगार न्यायालयाचा व्हरांडा रिकामा होतो आणि माझे डोळे जड व्हायला लागतात. सकाळी घेतलेली गोळी अकराच्या सुमाराला चढते ती दोनपर्यंत उतरत नाही. पाठीतल्या कळा मारायला ती दिलेली आहे. कळांबरोबर ती आणखीही बरंच काही मारते. महानंदा, माझी बायको, कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली आहे. जाताना तिने व्हीलचेअरचे ब्रेक लावून मला भिंतीच्या सावलीत ठेवलंय.

समोरच्या बाकावर चंद्रकलावहिनी बसल्या आहेत. मांडीवर कापडी पिशवी, नजर फरशीवर. सकाळपासून आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. पंखा फिरतोय. खाली झाडाखाली कुणाचं तरी टायपिंग चाललंय, थांबतंय, पुन्हा चाललंय. मी डोळे मिटतो.

उघडतो तेव्हा वहिनींच्या शेजारी व्यंकटदादा बसलेला असतो.

व्यंकट माने म्हणजे वहिनींचा नवरा. त्याला जाऊन अकरा महिने झाले. तरीही मी दचकत नाही. आजकाल मी कशानेच दचकत नाही.

त्याचं माझं काय होतं ते आधी सांगतो. मी विजेच्या खांबांवर चढणारा कंत्राटी वायरमन, ठेकेदाराचा माणूस. व्यंकटदादा बोरखडीच्या सबस्टेशनवर ऑपरेटर, कायम नोकरीतला. कुठे तार तुटली की मी त्याला फोन करायचो, तो त्या बाजूची लाईन बंद करायचा आणि मग मी चढायचो. नियमाप्रमाणे हे लेखी परवान्यावर व्हायला पाहिजे. पण सबस्टेशन नऊ किलोमीटरवर आणि इकडे अर्धं गाव खांबाखाली जमलेलं. कागद आणायला कोण जाणार? सहा वर्षं आम्ही फोनवरच कामं केली. तो म्हणायचा, "बंद हाय, चढ," आणि मी चढायचो.

पावणेतीन वर्षांपूर्वी, ज्वारी काढणीला आलेली असताना, तो तसंच म्हणाला आणि मी चढलो. वीसेक मिनिटांनी लाईन चालू झाली. मी बांधावर पाठीवर पडलो. मणका मोडला. तेव्हापासून बेंबीच्या खाली मला काही कळत नाही.

भरपाईचा दावा लावला तेव्हा ठेकेदाराने व्यंकटदादाचा जबाब कोर्टात दाखल केला. मी कसलाही फोन केला नव्हता, आपल्या मनाने चढलो, असं त्यात होतं. फोनचं रेकॉर्ड मागायला आम्हाला उशीर झाला. ते आता मिळत नाही. मग माझ्या वकिलांनी, अंबुलगे वकिलांनी, व्यंकटदादालाच साक्षीला बोलवायचं ठरवलं. समन्स निघालं आणि त्याच आठवड्यात तो अंघोळीला बसला तो उठलाच नाही.

आज माझी उलटतपासणी आहे. वहिनींना ठेकेदाराच्या बाजूने आणलंय, जबाबावरची सही नवऱ्याची आहे एवढं सांगायला.

मागच्या आठवड्यात त्या आमच्या घरी आल्या होत्या. त्यांना अनुकंपावर नोकरी मिळायची आहे, फाईल वरच्या कार्यालयात गेली आहे. नवऱ्याच्या नावावर ठपका आला तर, एवढंच म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत. पाणीही न घेता गेल्या. त्याच संध्याकाळी अंबुलगे वकिलांनी फोनवर मला बजावलं, की व्यंकट मानेने चढायला सांगितलं हे मी म्हटलं नाही तर दाव्यात काही उरत नाही.

काय सांगायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. राग आला असता तर ठरवता आलं असतं. पण रागही बहुतेक बेंबीच्या खालीच राहात असावा.

"जेवलास का?" व्यंकटदादा विचारतो. जिवंत होता तेव्हाही त्याचा पहिला प्रश्न हाच असायचा.

"भूक नाही."

"बारीक झालास रे."

तो उठतो. अंगात तोच खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वहिनी मान वर करून बघत नाहीत. तो माझ्या मागे येतो आणि खुर्ची ढकलायला लागतो. ब्रेक लावलेले आहेत, तरी खुर्ची चालते. व्हरांडा संपतो तिथे जिना असायला पाहिजे. तिथे बोरखडीच्या सबस्टेशनची खोली आहे. लोखंडी कपाटांवर बारीक लाल दिवे. बाहेर ट्रान्सफॉर्मरची ती एकसुरी घरघर, जी तिथे काम करणाऱ्यांना पुढे पुढे ऐकूच येत नाही.

स्वप्नात मी चालत नाही. पहिले सहा महिने चालायचो, पळायचोसुद्धा. आता स्वप्नालाही समजलंय.

व्यंकटदादा त्याच्या खुर्चीवर बसतो. आम्ही दोघं खुर्च्यांवर, समोरासमोर.

"किती वेळ लागंल म्हणाला होतास?" तो विचारतो.

"दहा मिनिटं."

"आन् लागला किती?"

"वीस."

तो मान हलवतो. त्या मान हलवण्यात दोष देणं नसतं, नुसतीच नोंद असते.

"अर्थिंगचा रॉड टाकला होतास?"

चढण्याआधी हा रॉड तारेला अडकवून जमिनीशी जोडायचा असतो. मग चुकून लाईन चालू झाली तरी माणूस वाचतो. मी सांगतो, की ठेकेदाराकडे तीन टोळ्यांत मिळून एकच रॉड होता आणि त्या दिवशी तो दुसरीकडे गेला होता.

"हे वकिलाला बोललास?"

"नाही."

"का?"

मला कुणी विचारलं नाही हे खरं आहे. रॉड नसताना चढलो हे बोलायची मला लाज वाटते, हेही खरं आहे. पावणेतीन वर्षांत महानंदालाही मी हे सांगितलेलं नाही.

"दादा," मी म्हणतो, "लाईन बंद केली होतीस का?"

"केली होती."

"मग?"

तो कपाटावरच्या एका लाल दिव्यावर बोट ठेवतो. दिवा बोटाखाली झाकला जातो, बोट लालसर दिसतं.

"कुणी चालू कर म्हटलं? कुणाचा फोन आला होता?"

"तुला जे ठाऊक न्हाई ते मी कुठून सांगू, रामलिंग?" तो म्हणतो. बोलणं मऊ आहे, लहान पोराला समजावल्यासारखं.

दाराबाहेर ज्वारी उभी आहे, कणसं भरलेली. खुर्चीची चाकं काळ्या रानात रुतलेली. हा तोच बांध. मी पडलो तेव्हा व्यंकटदादा सबस्टेशन सोडून मोटारसायकलवरून आला होता. लोकांनी मला खांद्यांना धरून उचललं, पाय त्याने धरले. मला ते नीट आठवतं, कारण जीपमध्ये घालेपर्यंत मी ओरडत होतो, की दादा, पाय सोडू नको, खाली लोंबायलेत. आणि तो रडत रडत म्हणत होता, की धरलेत रे, धरलेत. माझा त्याच्यावर विश्वास बसत नव्हता.

"तेव्हा धरले होतेस ना?" मी विचारतो.

"दोन्ही हातांनी."

ज्वारीत खाटा आहेत. एका रांगेत, लोखंडी, हिरव्या चादरींच्या. मी तिसऱ्या खाटेवर पालथा आहे, जिल्ह्याच्या दवाखान्यात असायचो तसा. फरशी दिसते आणि फरशीवर व्यंकटदादाच्या चपला. तो स्टुलावर बसला असावा.

"दवाखान्यात तू एकदाबी आला नाहीस."

"आलो होतो. फाटकापर्यंत."

हे खरं की खोटं मला कळायला मार्ग नाही. चपलांवर लाल माती आहे. आमच्याकडे लाल माती कुठेच नाही.

"आणि जबाबात असं का लिहिलंस?"

चपला थोड्या मागे सरकतात. मग तो शाळेत कविता म्हणावी तसा सूर लावून म्हणतो, "'सदर इसमाने कोणतीही पूर्वसूचना न देता व सक्षम अधिकाऱ्याची परवानगी न घेता...' मी असं बोलतो का रे?"

तो असं बोलत नव्हता. तीन वाक्यांचा रजेचा अर्ज तो माझ्याकडून लिहून घ्यायचा.

"आज मला विचारतील," मी म्हणतो. "तुझं नाव घेऊ का?"

"मला काय व्हायलंय आता."

"पण वहिनी?"

"तिला विचारलंस का?"

"नाही."

"सकाळधरून समोर बसलीय."

पुन्हा व्हरांडा आहे आणि मी खुर्चीत आहे. बाक रिकामा आहे. ऊन भिंतीवरून खाली उतरलंय. व्यंकटदादा दोन पेले चहा घेऊन येतो, ते काचेचे, आडव्या रेघांचे. एक माझ्यापुढे करतो. माझे हात उचलत नाहीत. हात चांगले असून उचलत नाहीत, हे त्या अर्धवट झोपेतच होतं. तो जरा वेळ थांबतो आणि पेला माझ्या मांडीवर ठेवतो.

"सांभाळ, उकळता हाय."

पेल्यातून वाफ निघते. मी वाफेकडे बघतो. तोही बघतो. तो वाट बघतोय हे मला उशिरा कळतं.

"चटका बसंना?"

"नाही."

"जरासुद्दा?"

"काहीच नाही, दादा."

त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलतो. माझ्या पायांचं त्याला माहीत होतं, कोर्टाचे कागद त्याच्या घरी गेले होते, गावात लोक बोलत होतेच. पण हे त्याने कधी बघितलं नव्हतं. तो खाली वाकतो आणि दोन्ही हातांनी माझी पावलं धरतो.

शिपाई घंटा वाजवतो. सुट्टी संपली.

समोर चंद्रकलावहिनी आहेत, एकट्याच. त्या माझ्याकडे बघत असतात. मी बघतो तशा नजर काढून घेतात. माझी जीभ कोरडी पडलेली आहे.

"वहिनी," मी म्हणतो, "मी आत काय सांगू?"

लोक जिना चढून यायला लागतात. मग त्या फरशीकडे बघतच बोलतात, हळू आवाजात, मला पुढे झुकावं लागतं. मी पडलो त्यानंतर आठ दिवस त्यांच्या नवऱ्याला घास गेला नाही. नवव्या दिवशी सकाळी दोन माणसं आली, एक ठेकेदाराचा आणि एक त्यांच्या ओळखीचा नसलेला. कागद लिहूनच आणला होता. नोकरी पाहिजे का, एवढं विचारलं. वहिनी चुलीपुढे होत्या. त्यांनी सही करताना बघितलं. त्यानंतर व्यंकटदादा त्या विषयावर घरात कधी बोलला नाही, आणि वहिनींनीही काढला नाही.

"सही त्यांची हाय," वहिनी म्हणतात. "अक्षर त्यांचं न्हाई. मला निसती सही विचारणार हायत. मी दोन्ही सांगणार."

"आणि तुमची फाईल?"

त्या पिशवीचे बंद सारखे करतात.

"दोन पोरी हायत मला. त्यांनला बापाचं अक्षर वळखू येतं."

मला काहीतरी व्हायला हवं. होत नाही. मी त्यांना सांगतो, की फोन मी केला होता आणि लाईन बंद आहे असं दादाने मला सांगितलं होतं. मग, आधी ठरवलेलं नसताना, रॉडचंही सांगतो. रॉड नव्हता आणि तरी मी चढलो, हे पहिल्यांदा माझ्या तोंडून बाहेर पडतं, ते त्याच्या बायकोसमोर.

"मग तेबी सांगा," वहिनी म्हणतात.

महानंदा झेरॉक्स घेऊन येते. आम्हाला बोलताना बघून ती थबकते, पण काही विचारत नाही. आतून माझं नाव पुकारतात. ती ब्रेक सोडायला वाकते आणि तशीच थांबते.

"हे काय सांडलं?"

माझ्या पायजम्यावर, उजव्या मांडीवर, ओला गोल आहे. चहाच्या रंगाचा. ती हात लावते आणि पटकन मागे घेते. मग पायजमा मांडीपर्यंत वर करते; चार माणसांत असं करायची तिला आता लाज राहिलेली नाही. कातडीवर तेवढ्याच आकाराचं लाल वळं उठलंय, कडेला फोड धरायला लागलाय.

"भाजलंय की हे. चहा कुणी दिला ह्यांना?" ती वहिनींना विचारते.

कुणी आलं नाही, वहिनी सांगतात. त्या जागच्या हललेल्या नाहीत. आसपास पेला नाही, किटली नाही, बाकाखालीही नाही.

"दुखायलंय का?" महानंदा मला विचारते. दर वेळी विचारते, उत्तर माहीत असून.

"नाही."

ती पायजमा खाली ओढते आणि खुर्ची दाराकडे वळवते. शिपाई दुसऱ्यांदा नाव घेतो. मी मांडीवर तळहात ठेवतो. कापड अजून ओलं आहे, आणि त्याच्या खालची ऊब हाताला लागते.