घाटघरचा झाकलेला पैलवान

भगवंतअण्णांनी चाळीस वर्षं कुस्त्यांचा पुकारा केला, पण पूर्ण कुस्ती अशी एकही पाहिली नाही. जोड लागली की अण्णा माइकवरून पैलवानाची ओळख करून द्यायला लागत. गाव, वस्ताद, वडील, वडिलांचे वडील. ते आजोबांपर्यंत पोचेतो एक जण चितपट होऊन अंगावरची माती झटकत असायचा. मग माइकवरूनच प्रश्न यायचा, "कोन पडलं रं?"

मागच्या वर्षी एका जत्रेत कमिटीतल्या तरण्या पोराने "अण्णा, आवरा आता" म्हणून सरळ माइकची वायर उपटली. अण्णा उपरणं झटकून उठले, अवसरीला घरी आले आणि पुन्हा कुठल्या आखाड्यावर गेले नाहीत. गाव मात्र चाळीस वर्षांत एकाही पैलवानाचं चुकलं नाही, एवढं ते भेटेल त्याला सांगायचे. मलाच आठ वेळा सांगून झालं होतं.

माझं मंचरला मोबाइलचं दुकान आहे. वर माडीवर माझी मुलगी सिद्धी दर रविवारी मारामारीच्या गेमची स्पर्धा घेते. एक मोठा टीव्ही, दोन रिमोट आणि वीस-पंचवीस पोरंपोरी. माझ्या वडिलांनी, माणिकचंदबापूंनी, दोन अटी घातल्यात. रक्त दिसता कामा नये, आणि सूर्यास्ताच्या आत सगळं आटपलं पाहिजे, कारण त्यानंतर आमच्या घरात कुणी जेवत नाही. रक्त सिद्धीने सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं. सूर्याला सेटिंग नाही, म्हणून स्पर्धा दुपारी एकला सुरू होते.

एका रविवारी अण्णा चार्जर बदलून घ्यायला आले आणि वरचा गलका ऐकून जिना चढले. पडद्यावर छत्री घेतलेली एक मुलगी गळ्यात घंटा अडकवलेल्या एका धिप्पाड माणसाला बडवत होती. अण्णांनी दोन मिनिटं पाहिलं.

"गावं कंची हायेत ह्यांची?"

"गाव नसतं, अण्णा. गोष्ट असते प्रत्येकाची," सिद्धी म्हणाली, आणि सांगायला बसली. छत्रीवालीच्या राज्याचा पाऊस तिच्या काकाने चोरून नेलाय आणि ती तो परत आणायला निघालीय.

"म्हंजी पाण्याच्या पाळीचा वाद," अण्णा म्हणाले. "आनि हा घंटावाला?"

"त्याची स्मृती गेलीय. आपण कोण, हे शोधत तो शंभर वर्षं फिरतोय."

"शंभर वर्षांत कुनी त्याचं रेशनकार्ड बघितलं न्हाई?"

तिसरा एक मुखवटावाला होता. तो कोण हे गेममध्ये शेवटी उघड होतं, आता सांगून मजा घालवणार नाही, असं सिद्धी म्हणाली. अण्णांनी मान हलवली. "घरातलाच असनार. बाहेरचा मानूस कशाला तोंड लपवील? छत्रीवालीचा काका हाय तो."

सिद्धीने कपाळाला हात लावला. हे कळायला तिला अकरा तास खेळावं लागलं होतं.

पुढच्या रविवारी माडीवर माइक आला आणि अण्णा धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांनी सगळ्यांना गावं वाटून टाकली. छत्रीवाली मंचरची. घंटावाला मढचा. मुखवटावाला त्यांनी स्वतःच्या अवसरीला घेतला, का ते मी विचारलं नाही. पोरांना हे प्रकरण लई आवडलं, त्यांनी व्हिडिओ गावोगाव पाठवले. चार दिवसांत मढहून एका गृहस्थांचा फोन आला. "राव, आमचा पैलवान दर डावाला पडतोय. जरा बऱ्या हातात द्या की."

मी अण्णांना म्हणालो, "अहो, ही उचलली जीभ लावली टाळ्याला कशाला? खोटी गावं लावता."

"मानसाचं गाव म्या कधी चुकवलं न्हाई. ह्यांना गावच न्हाई, तवा चुकंल कसं?" अण्णा म्हणाले. "आनि पारसभाऊ, ज्याला गाव न्हाई त्यो पडला, तर वाईट कुनाला वाटायचं?"

मी दुकानदार माणूस, खाली जाऊन बसलो.

गोत्यात आणलं ते सावलीने. गेममधल्या खेळाडूंच्या रांगेत शेवटच्या चौकोनात नुसती काळी सावली होती. नवा खेळाडू येणार होता, आणि कंपनी त्याचं तोंड येत्या रविवारी चार वाजता दाखवणार होती. तोवर कुणाला काही कळणार नव्हतं. अण्णांना मात्र आधीच कळलं. "मंडळी, ह्यो घाटघरचा पैलवान! अजून झाकून ठेवलाय. रविवारी दर्शन देनार!"

घाटघरच का, हे त्यांनी मला नंतर चहा पिताना सांगितलं. चाळीस वर्षांत घाटघरचं नाव माइकवर घ्यायला मिळालं नव्हतं. जुन्नरच्या पार टोकाला डोंगरात ते गाव, इतक्या लांबून कुणी कुस्तीला येतच नसे.

सिद्धीने त्या पुकाऱ्याचा व्हिडिओ सगळीकडे पाठवला, त्यात टीव्ही नव्हता, नुसते अण्णा होते. गुरुवारी घाटघरहून रामदास नावाच्या माणसाचा फोन. "अण्णा, आमच्या गावचं पोरगं तुमी झाकून ठेवलंय म्हनं. कुनाचं हाय ते सांगू नगा, गुपित ऱ्हाऊ द्या. आमी फेटा घेऊन येतोय." अण्णा खुलासा करायच्या आत फोन कट. मग तीन दिवस रेंजच मिळाली नाही.

रविवारी साडेतीनला दुकानापुढे पिकअप थांबली. रामदास, त्यांच्या हातात केशरी फेटा आणि नारळ, मागे हलगीवाला, आणि आणखी आठ-नऊ माणसं. शिवाय गोजरबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांना मंचरला लेकीकडे जायचं होतं, आणि गाडी येतच होती म्हणून त्या बसल्या होत्या.

अण्णा जिन्यात माझा हात धरून उभे राहिले. "फेटा घेऊन आलेल्या मानसाला जिन्यातनं मागं कसं धाडू? वर सांगतो मीच. पर पारसभाऊ, आज खोटा पडलो तर पुन्यांदा माइक धरायचा न्हाई."

मला त्यांची फार दया आली. आणि थोडं हसूही, ते मी दाबलं.

वर हलगी कडाडत होती. गोजरबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्यांना पुढची खुर्ची दिली होती. अण्णा माइक हातात घेऊन घसा खाकरतच राहिले, आणि चार वाजले.

पडदा काळा झाला. मग सावलीवरचा अंधार हळूहळू सरकला. आधी अनवाणी पाय दिसले, मग काठी, मग कमरेत वाकलेली एक म्हातारी. तिच्या डोक्यावर लाकडाची मोळी होती. तिने ती मोळी उचलून समोरच्या राक्षसावर फेकली आणि राक्षस आडवा झाला.

हलगी थांबली. रामदासांनी फेटा उलगडायला घेतला होता, तो तसाच हातात राहिला.

अण्णांनी माइक तोंडाशी नेला. "मंडळी, चूक माझी. घाटघरचं कुनी न्हाई ह्यात. गाव म्या मनानं लावलं व्हतं. चाळीस वर्षांत पयल्यांदा गाव चुकलं."

"चुकलं कसं?" पुढच्या खुर्चीवरून आवाज आला. गोजरबाई डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होत्या. "मोळी घेऊन उतरनीवर अशी वाकून कोन चालतं? आमीच की. बाई घाटघरचीच हाय." मग त्या आणखी पुढे वाकल्या. "गाठ तेवढी चुकलीय. दोन पावलांत सुटंल. आनि मोळी फेकून दिली तर घरी चूल कशावर पेटवनार ही?"

आधी सिद्धी हसली, मग सगळी माडी. रामदासांनी पुढे होऊन फेटा गोजरबाईंच्या डोक्याला बांधला. त्या दोनदा नको म्हणाल्या, तिसऱ्यांदा मान सरळ धरून बसल्या.

अण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "आक्का, नाव?"

"गोजरबाई."

"वडलांचं?"

बाईंनी आधी फेटा सावरला. "लगीन झाल्यापास्नं कुनी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. "भागू म्हनायचे त्यांना. मोळीची गाठ त्यांनीच शिकवली मला."

"म्हंजी वस्ताद बी त्येच."

"व्हय," गोजरबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

मग अण्णांनी बाईंना विचारत विचारत पुकारा सुरू केला. घाटघर, तालुका जुन्नर, गोजरबाई, भागूंची लेक, भागूंचीच पठ्ठी. पोरं रिमोट हातात घेऊन बसली होती, पण सिद्धीने सामना चालू केला नाही. खालून बापू जेवायला हाका मारत होते. ऊन पार उतरलं, पिकअपवाल्याने तीनदा हॉर्न दिला. अण्णा अजून गोजरबाईंच्या आजोबांपाशीच होते, आणि आवरा असं कुणीही म्हणालं नाही.