जळालेले चहाचे दुकान आणि अक्काची हमी

पोलीस खात्यात हाताळलेली बहुतेक प्रकरणे आता विसरली गेली आहेत. जळालेल्या त्या चहाच्या दुकानाचे प्रकरण मात्र काल घडल्यासारखे डोळ्यांपुढे उभे राहते. त्यातली काही माणसे अजून हयात आहेत, म्हणून नावे देत नाही.

ऐंशीचे दशक संपत आले होते. मी कुंभकोणम् तालुक्यातल्या एका ठाण्यावर सब-इन्स्पेक्टर होतो. आमचे घराणे मराठा राजांच्या काळात तंजावरकडे आलेले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचे पाहुणे आमच्या मराठीला हसत, तो भाग वेगळा. पण नोकरीत या मराठीपणाचा एक फायदा होता. गावच्या जातींच्या हिशेबात मी कोणाच्याच बाजूचा नव्हतो. त्यामुळे दोन्ही बाजू मला आपल्याकडे ओढू पाहत आणि बोलण्याच्या ओघात नको ते सांगून जात.

पापनाशम् रस्त्याला लागून एक गाव होते. देवळाजवळ जमीनदारांची वरची गल्ली आणि कालव्यापलीकडे दलित शेतमजुरांची वस्ती. तिला सगळे ‘कॉलनी’ म्हणत. गावात चहाचे दुकान एकच. तिथे वरच्या गल्लीला काचेचे ग्लास मिळत आणि कॉलनीसाठी अॅल्युमिनियमचे पेले बाहेर खिळ्याला टांगलेले असत. पिणाऱ्याने पेला स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा आणि उभ्यानेच चहा प्यायचा. कायद्याने हा गुन्हा होता. पण तक्रार देणार कोण? ज्याच्या शेतात लावणीला जायचे त्याच्याविरुद्ध ठाण्यात यायला हिंमत लागते.

ती हिंमत एका बाईने जमवली. कॉलनीतच वाढलेली, लहान वयात नवरा गेलेली, बालवाडी चालवणारी. सगळे तिला अक्का म्हणत. तिने बायकांचा संघ बांधला आणि तक्रार देण्याऐवजी चहावाल्याशी बोलणी सुरू केली. त्याला भीती होती, पण माणूस वाईट नव्हता. वरच्या गल्लीतल्या दोन वयस्क माणसांनाही तिने पटवले. अखेर एका सकाळी कॉलनीच्या बायका दुकानाच्या बाकावर बसल्या आणि काचेच्या ग्लासातून चहा प्यायल्या. गाव बघत राहिले, पण गडबड झाली नाही. ठाण्यात आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

त्याच आठवड्यात एका दुपारी दुकान जळून खाक झाले.

आगीची फिर्याद येण्याआधी खबर आली. वरच्या गल्लीतल्या एका बड्या जमीनदाराचा कारभारी मोपेडवरून ठाण्यात आला. त्याने कॉलनीतल्या दोन तरुणांची नावे घेतली. दोघेही अक्काच्या संघात काम करत. त्यांना दुकानातून पळत निघून कालव्यावरून उडी मारून कॉलनीत शिरताना आपण डोळ्यांनी पाहिले, असे तो म्हणाला. मी विचारले, ज्यांच्यासाठी पेले बदलले तेच दुकान कशाला जाळतील? तो हसून म्हणाला, “साहेब, तुम्ही राजांच्या वेळची माणसं. या लोकांना डोक्यावर बसवलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायचं का?”

थोड्या वेळाने चहावाला आला. तीच दोन नावे त्याने खाली मान घालून सांगितली. ठाण्याच्या लेखनिकाने फिर्याद लिहून घेतली. सही करतानाही त्याने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही, ते मला खटकले.

मी जागेवर गेलो. चूल दुपारी पाणी टाकून विझवलेली होती, राख ओली. मागच्या अर्धवट जळालेल्या खांबाला रॉकेलचा वास येत होता. आग लावलेली होती यात शंका राहिली नाही. पंचनामा आटोपून मी कालव्याकडे गेलो. लावणीचे दिवस, कावेरीचे पाणी सुटलेले, कालवा काठोकाठ भरून वाहत होता. तेवढ्या रुंदीवरून माणूस उडी मारू शकत नव्हता. पोहून जावे तर पलीकडे लावणी करणाऱ्या बायका रांगेने वाकलेल्या. त्यांच्यापैकी कोणी कोणाला पाहिले नव्हते. दुसरी वाट म्हणजे पूल, आणि तो वरच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथे ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनीही कोणाला पाहिले नव्हते.

दोन्ही तरुणांना ठाण्यात आणले. त्यांच्यामागून अक्का आली. “त्यांना सोडा म्हणायला आले नाही,” ती म्हणाली. “चौकशी करा. पण हात लावू नका. संध्याकाळी घरी पाठवा, सकाळी मी दोघांना हजर करते. मी हमी देते.”

आमच्याकडे अशा हमीला कागदावर किंमत नव्हती. दोघांना अटक करून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे हा सोपा मार्ग होता, आणि वरून फोनही त्यासाठीच येत होते. एका पुढाऱ्याने मला बदलीची आठवण करून दिली. डीएसपी साहेब म्हणाले, “जबाबदारी तुझी. पळाले तर तुझी चौकशी लावीन.” मी जबाबदारी घेतली. पुरावा नसताना अटक करायची नाही, एवढे मी ठरवले होते.

रोज सकाळी दोघे हजर होत आणि अक्का आवारातल्या कडुलिंबाखाली बसून राही. मी त्यांना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न उलटसुलट विचारत होतो. एक म्हणे, त्या दुपारी संघाच्या खोलीचे छप्पर शाकारत होतो. दुसराही तेच सांगे. छपरावर कोण, खालून विणलेल्या झावळ्यांचे झापे देणारा कोण, मध्ये पाणी कोणी आणले, सगळे जुळत होते. पाठ केलेला जबाब शब्दाला शब्द जुळतो. यांचे शब्द वेगळे होते, गोष्ट एक होती.

मग कारभाऱ्याला पुन्हा बोलावले. कालव्याचे पाणी दाखवल्यावर तो म्हणाला, उडी नसेल मारली, पुलावरून गेले असतील. मी म्हणालो, “परवा डोळ्यांनी पाहिलं होतंत.” खबर खोटी ठरली. पण खोटी खबर देणे वेगळे आणि आग लावणे वेगळे. साक्षीदाराशिवाय मी पुढे जाऊ शकत नव्हतो.

दरम्यान कॉलनीत वातावरण तापले होते. तरुण पोरे जमीनदाराच्या पेंढ्याच्या गंजी पेटवायच्या गोष्टी करू लागली. बातमी कळताच मी हवालदाराला घेऊन तिथे पोहोचलो, तर अक्का त्यांच्यासमोर उभी होती. आवाज चढवलेला नव्हता.

“आज एक गंजी पेटवलीत तर दुकानही आपणच पेटवलं हे खरं ठरेल. आपली दोन पोरं रोज ठाण्यात जाऊन बसतात ती कशासाठी?”

एकेक जण पांगला. मी बंदोबस्त लावला नाही. त्याची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले की पंचनामा झाला असेल तर दुकानाची जागा साफ करू का. मी म्हणालो, ज्याने तुमच्या मुलांची नावे घेतली त्याचे दुकान? ती म्हणाली, “दुकान बंद राहिलं तर आग लावणाऱ्याच्याच मनासारखं झालं की.” कॉलनीत यावरून तिला बरेच ऐकावे लागले होते, हे मला नंतर कळले. त्या दोन मुलांच्या घरच्यांनी तिच्याशी बोलणे टाकले होते. तरी ती घरोघर फिरत राहिली.

मी परवानगी दिली आणि बघायला गेलो. कॉलनीतून माणसे बांबू आणि नारळाच्या झावळ्या घेऊन आली. पुरुषांनी जळके खांब उपसले. बायका रस्त्याच्या कडेला बसून झापे विणू लागल्या. त्यात संशयित मुलांपैकी एकाची आईही होती. ती कोणाशी बोलत नव्हती, फक्त विणत होती.

चहावाला मागच्या घराच्या दारात उभा राहून बघत होता. विणलेला झाप घेऊन ती आई त्याच्यापुढे गेली आणि म्हणाली, “हा कुठं बांधायचा तेवढं सांगा.” तो तिथेच खाली बसला. त्याची बायको आतून बाहेर आली. माझ्याकडे बघत ती नवऱ्याला म्हणाली, “तुम्ही सांगताय की मी सांगू?”

त्याने सांगितले. त्या दुपारी तो दुकानामागच्या घरात आडवा झाला होता. रॉकेलच्या वासाने उठून खिडकीतून पाहिले तर कारभारी उभा होता आणि त्याचे दोन गडी छपरावर डबा ओतत होते. आग लागल्यावर कारभाऱ्याने येऊन त्याला दोन नावे दिली. ती घेतली नाहीस तर गावात तुझा चहा कोणी पिणार नाही आणि घरही राहणार नाही, असे बजावले.

मी तिथल्या तिथे जबाब घेतला. पण पोलिसांपुढचा जबाब फिरवता येतो, हे मला ठाऊक होते. म्हणून त्याच दुपारी नवराबायकोला जीपमध्ये घालून कुंभकोणम्ला मॅजिस्ट्रेटसमोर नेले आणि जबाब पक्का केला. परतताना कारभाऱ्याला अटक केली. गड्यांपैकी एकाने रॉकेलचा डबा काढून दिला.

खटला लांबला. चहावाल्यावर दबाव आला, वरच्या गल्लीची गिऱ्हाइके बरेच महिने फिरकली नाहीत, पण नवराबायको कोर्टात जबाबावर ठाम राहिली. कारभाऱ्याला आणि गड्यांना शिक्षा झाली. कारभाऱ्याला ज्याने पाठवले असेल त्याच्यापर्यंत मात्र पुरावा पोहोचला नाही. माझी बदली झाली, ती व्हायचीच होती. निरोपाला अक्का आली नाही. त्या दिवशी ती शेजारच्या गावात देवळाच्या वाटेच्या तंट्यासाठी बैठक घेत होती.

मी प्रशिक्षणात शिकलो होतो की शांतता राखणे हे पोलिसांचे काम. या प्रकरणाने शिकवले की आम्ही फार तर ती राखू शकतो. आधी ती कोणीतरी उभी करावी लागते, शिव्या खात, दारोदार जात, ज्याने आपल्याला दुखावले त्याच्याही दारात जात. तिथे लाठी पोहोचत नाही.

पुढे ज्या ज्या ठाण्यावर गेलो, तिथे चार्ज घेताना मागचा अधिकारी मला गावगुंड कोण ते सांगे. मी ऐकून घेई आणि मग विचारी की इथे भांडण लागले की लोक कोणाच्या दारात जाऊन बसतात. बहुतेकांना ते माहीत नसे. माझी पहिली गस्त मग ते दार शोधण्यात जाई.