माझ्या पॅनोरमातून सासूबाई गायब

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय.

सकाळी लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात तोबा गर्दी होती. मी कॅमेऱ्यात एकेक भाग टिपला, घरी कॉम्प्युटरवर सगळे फोटो जोडले आणि माणसं पुसून मंदिर अगदी मोकळं केलं. माझ्या धाकट्या जावेनं नुसता मोबाइल फिरवून पॅनोरमा काढला. तिचे खांब वाकडे आले, शिवाय चालत्या सासूबाई एकाच फोटोत दोनदा उमटल्या!

सासूबाईंनी दोन्ही फोटो पाहिले. "तुह्या फोटोत मी काऊन नाही वं?"

"गर्दीसोबत तुम्हीपण पुसल्या गेल्या, आई."

त्या जावेकडे वळल्या. "तुहावालाच फ्रेम करून दे मले."

आता तो बैठकीत लागणार. खरं सांगा, तुम्ही कोणता लावला असता?