सीटमागचा जॅक

"ते बोलतच नाही रे काई. इंग्रजी शाळेतली हाय म्हणे. मराठी येते का नाही, कोणाले ठाऊक!"

विलासची आई आतून मोठ्या मुलाला सांगत होती.

"हळू बोल न माय. ऑफिसर होती ते," मनोज म्हणाला.

मी अंगणात खाटेवर चहाचा कप धरून बसले होते. मराठी मला येत होती. बोलायला जमत नव्हतं.

भंडाऱ्यात घर असूनही एकोडीला, विलासच्या गावी, मी पहिल्यांदाच आले होते. फौजेतली पाच वर्षं संपवून त्या हिवाळ्यात परतले होते. नायक विलास माझ्या प्लाटूनमधला ड्रायव्हर. त्याच्या घरी सगळं कळलेलं असेल, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. फोनवर त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं, डोंगरात अपघात झाला, विलास गेला. बाकीचं गावानं जुळवलं. पोरगं जोरात हाकत होतं, गाडी दरीत घातली. मी येऊन बसले तसं मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, विचारलं होतं, "बाई, त्याच्याच हातून गाडी गेली का वो?" मी मान हलवून नाही म्हटलं. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं नाही.

आमची प्लाटून वरच्या चौक्यांना रेशन पोचवायची. गाड्या जुन्या पिकअप. त्यांच्यात जॅक सीटच्या पाठीमागे असतो. पाठ पुढे ओढली की मागच्या पत्र्यावर पकडीत बसवलेला दिसतो, शेजारी चाकाचा पाना. पण थंडी फार. ड्रायव्हर त्या कोरड्या जागेत आपले बिस्तरे कोंबायचे आणि जॅक, पाना मागे हौद्यात, मालाखाली जायचे. सगळेच तसं करत. विलास करत नसे. त्याचा बिस्तरा हौद्यात ओला व्हायचा. सकाळी फर्स्ट परेडला, म्हणजे गाड्यांच्या तपासणीला, तो सीट पाडून दोन्ही वस्तू बॉनेटवर मांडायचा. आधी जॅक, मग पाना. पाना खडखडू नये म्हणून गोणपाटात गुंडाळलेला असायचा.

"लो, भाऊ की दुकान खुल गई!" बाकीचे ओरडायचे.

तो हसून परत सगळं जागेवर ठेवायचा. ड्यूटीवर माझ्याशी हिंदीत बोलायचा. एरवी म्हणायचा, "मॅडम, तुमी भंडाऱ्याच्या, अन् धान रोवता येत नाही? मंग त्या शाळेत शिकवलं तरी काय?" मीही हसायचे.

त्या दिवशी दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत मी, माझा ड्रायव्हर आणि मागे दोन जवान. दुसरी विलासची. दुपारी, दगड कोसळतात म्हणून जिथे थांबायला मनाई होती, नेमकं तिथेच आमचं मागचं टायर फुटलं. जॅक पिठाच्या पोत्यांखाली आणि रॉकेलच्या कॅनखाली होता. मी वायरलेसवर मागच्या गाडीला कळवलं.

"टू, वन बोल रही हूँ. टायर बर्स्ट. जॅक लोड के नीचे है. ओव्हर."

"वन, टू. मेरा जॅक हाथ में है. आ रहा हूँ. आउट."

त्यानं आपली गाडी मागच्या रुंद वळणावर लावली आणि धावत आला. चाक बदलून झालं तेव्हा वरून बारीक खडी घरंगळायला लागली होती.

"मॅडम, बसा. निघा."

"तू?"

"ठोकळे काढतो न. चला!"

चाकांना लावलेले लाकडी ठोकळे काढायला तो खाली राहिला. गाडी हलली. तो बाजूला झाला, तेवढ्यात कडा खाली आला.

आम्ही चौघं वाचलो. त्याची गाडी वळणावर उभी होती. तिच्यावर ओरखडाही नव्हता.

चहा संपला. मनोज मला साकोलीच्या स्टँडवर सोडणार होता. दारात जुनी पिकअप होती, धानाच्या पोत्यांनी भरलेली. अड्याळच्या एका माणसाकडून त्यानं ती नुकतीच घेतली होती. मागचं चाक पंक्चर निघालं.

"आता जॅक कुठी ठेवला त्या अड्याळवाल्यानं, काय मालूम! पोत्यायखाली असंल. सारी पोती उतरवा लागते," म्हणत तो दोर सोडायला लागला.

मी केबिनचं दार उघडलं. सीटची पाठ पुढे ओढली. जॅक पकडीत होता, पाना शेजारी. दोन्हींवर धूळ होती. मी ते काढून बॉनेटवर ठेवले. आधी जॅक, मग पाना.

मावशी पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"तुले कसं मालूम वो, पोरी?"

मनोजचा हात दोरावर थांबला.

"विलास रोज सकाळी असंच मांडायचा, मावशी," मी म्हणाले. "त्या दिवशी टायर फुटलं ते माझ्या गाडीचं. त्याची गाडी वळणावर नीट उभी होती. जॅक घेऊन तो आमच्यासाठी धावत आला. त्याच्या हातून गाडी गेली नाही. आमची वाचली."