हॅकॅथॉन परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत हो. सिंकमधल्या भांड्यांसारखे असतात. एक घासून होतंय तोवर दुसरं येऊन पडतं. गेल्या वर्षी आम्ही एक छोटीशी हॅकॅथॉन भरवली, तेव्हापासून आमचा सिंक तुंबलेलाच आहे!

आम्ही म्हणजे मेधा, नितीन आणि मी. मेधाने सहा वर्षांपूर्वी छोट्या वाचनालयांसाठी एक सॉफ्टवेअर लिहिलं. फुकट, ओपन सोर्स. कुणीही वापरा, कुणीही सुधारा. वापरणारे मिळाले, सुधारायला मात्र आम्हा दोघांशिवाय कुणी फिरकलं नाही. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एका रविवारी लोकांना बोलावू, एकत्र बसून काम करू. एक जरी नवा माणूस टिकला तर ठीक, नाहीतर मी दुकान बंद करणार." मेधा बोलते ते करते.

*

हॉल मिळाला कर्वेनगरातल्या एका सोसायटीचा. सेक्रेटरी काकांनी फॉर्म पुढे केला. कार्यक्रमाचे स्वरूप: मुंज, बारसे, साखरपुडा, इतर. मी 'इतर'वर खूण केली.

"इतर म्हणजे साधारण कशाच्या जवळचं?"

"काका, पंधरा जण येऊन शांतपणे लॅपटॉपवर काम करतील."

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग घरी काय अडचण आहे?"

*

नितीन मूळचा अमरावतीचा, नोकरी हिंजवडीत. संध्याकाळच्या मीटिंगला तो कंपनीच्या बसमधूनच फोनवर हजर असायचा. एकदा मेधाने त्याला एक किचकट बग दुरुस्त करायला दिला. पाऊण तासाने फोनवरून आवाज आला, "झालं बाप्पा!"

"वा! पोचलास कुठे?"

"कुठं पोचतो! सिग्नल तोच आहे ना!"

*

नवीन माणसाला पहिल्या दिवशी सोपं काम द्यायचं असतं. हात बसतो, गडी खूश होतो, परत येतो. म्हणून मी महिनाभर खपून सॉफ्टवेअरमधल्या बारीकसारीक चुकांची यादी केली. शनिवारी संध्याकाळी बघतो तर यादी रिकामी!

"मेधा, चुका कुठे गेल्या?"

"दुरुस्त केल्या. उद्या लोक येणार, म्हटलं जरा आवरून ठेवावं!"

मी कपाळावर हात मारला. नितीन म्हणाला, "आता परत बिघडव." बिचारीने तासभर बसून दोन गोष्टी बिघडवल्या. नितीनने तपासून परत पाठवल्या. शेरा होता, "नीट बिघडलेलं नाही. सगळं व्यवस्थित चालतंय."

*

रविवारी सकाळी पाहतो तर दारातल्या फळ्यावर काकांनी सवयीने लिहून ठेवलेलं, 'हॅकॅथॉन परिवार आपले सहर्ष स्वागत करीत आहे.' ते वाचून एक आजोबा आत येऊन बसले. चहा झाल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "मुलगी काय करते?"

मी मेधाकडे बोट दाखवलं. "सॉफ्टवेअरमध्ये आहे."

"छान. आणि मुलगा?"

"त्याचीच वाट बघतोय!"

*

नावं पंधरा जणांनी दिली होती, आले सहा. सगळे कॉलेजचे. सोपं काम शिल्लक नाही, अवघड झेपेना. जेवण तेवढं झेपलं. तीन वाजता हॉलमध्ये आम्ही तिघंच. मेधाने लॅपटॉप मिटला आणि वायर गुंडाळायला लागली. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

तेवढ्यात दारात एक बाई. सावंतबाई, विश्रांतवाडीच्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल. हातात जाड वही.

"वाचनालयाचं सॉफ्टवेअर आपलंच ना? त्यात आजची सूचना वाचली."

वहीत चार वर्षांत सापडलेली एकूण एक चूक, आणि ती टाळायची कशी तेही! "पुस्तक परत घेताना बटण दोनदा दाबलं तर सभासदच गायब होतो. मी मुलींना सांगून ठेवलंय, एकदा दाबा आणि हात मागे घ्या."

मेधाचा आवाज चढला. "अहो, चार वर्षं! मग कळवलं का नाहीत?"

"एवढी मोठी कंपनी, आमचं कोण ऐकणार?" बाईंनी हॉलभर नजर फिरवली. "बाकीचे कुठे गेलेत?"

"बाकीचे कुणी नाहीतच. मी लिहिते, हे दोघं मदत करतात."

बाई खुर्ची ओढून मेधाशेजारी बसल्या आणि वही उघडली.

"ती वायर लावा परत. पान पहिलं. आणि पुढच्या रविवारी जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मला दोन बस बदलून यावं लागतं!"