चतुराबाई आणि गव्हाणीतला कडबा

अचलपूरच्या आमच्या चर्चमध्ये येशूजन्माचं एक मोठं, काळपट चित्र आहे. नव्या लेकराच्या टाचा त्यातल्या गव्हाणीच्या कडब्याला टेकवायच्या, मगच ते लेकरू आपलं, असा आमचा रिवाज. टेकवायचं काम चतुराबाईचं. झाडलोट, घंटा, मेणबत्त्या सगळं तीच बघायची. नवरा गेल्यापासून चर्च हेच तिचं घर. जीभ मात्र तिखट; पाद्रीबाबांनाही "जोडे बाहेर काढा, आत्ताच पुसलं" म्हणून सुनावणारी.

कमिटीला त्या चित्राचं काडीचं कौतुक नव्हतं. मागे रंगकाम निघालं तेव्हा अध्यक्ष कुंदनराव ते अडगळीत टाकणार होते. चतुराबाई आडवी आली म्हणून राहिलं.

यंदा दिवाळीनंतर मुंबईहून जुन्या चित्रांच्या एक तज्ज्ञ बाई आल्या. लेकरांच्या टाचांनी कडब्यावरचा रंग झिजला होता. तिथं चित्रकार म्हणून लिहिलेलं एका पुरुषाचं नाव पुसलं जाऊन खालचं दुसरंच नाव वर आलं होतं. तपासाअंती ठरलं, चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, युरोपातल्या जुन्या बरोक शैलीचं, आणि काढणारी इटलीतली एक बाई. तिचं नाव कुणीतरी रंगाखाली दडपलं होतं.

झालं! कुंदनरावांना एकदम कला कळायला लागली. चित्रापुढे काच बसली, कुलूप लागलं, आणि नासधूस केली म्हणून चतुराबाईला कामावरून काढलं. ज्या टाचांमुळे नाव सापडलं त्यांनाच गुन्हेगार ठरवलं. मला किळस आली या माणसांची.

चतुराबाईची नात नीलम. तिचे तीन गर्भ गेले, चौथी पोर जगली. नाताळाच्या सकाळी म्हातारी त्या पोरीला घेऊन आली.

"कुंदनराव, एक डाव काच उघडा. नीलमची पोर हाय."

"नाई म्हंजे नाई. लय किमतीची चीज हाय ते."

म्हातारी दाराशी उभीच राहिली. थोड्या वेळानं पेपरचा फोटोग्राफर आला. कुंदनरावांनी खिशातून किल्ली काढली, काच उघडली आणि स्वतःच्या नातवाच्या टाचा ऐटीत कडब्याला टेकवल्या. कमिटीनं टाळ्या वाजवल्या. मग मेहेरबानी केल्यासारखी त्यांनी हाक मारली, "या चतुराबाई, आता तुमचीबी आणा. फोटोत येईल."

चतुराबाईनं पोरीचे पाय पदराखाली घेतले.

"राहू द्या. किल्ली तुमच्या खिशात हाय तवर माह्या पोरीचे पाय तिथं नाई लागत. मले ओकारी येऊन राहिली."