तळटीपेतली आग

सरांना सिनेमाचा मनापासून कंटाळा, आणि पोट मात्र सिनेमावरच. विद्यापीठात त्यांचा विषय चित्रपट आणि समाज. बाकीचे लोक निबंधात पुस्तकांचे दाखले देतात, सर सिनेमांचे देत. दर चार ओळींमागे एक तळटीप: सिनेमाचं नाव, दिग्दर्शक, साल आणि प्रसंग कितव्या मिनिटाला येतो ते. त्या मिनिटांमुळे विभागात त्यांचा केवढा दरारा! माणसाने केवढ्या बारकाईने बघितलेत म्हणे सिनेमे.

डोंबलाचे बघितलेत! जेवण झालं की सर आरामखुर्चीत बसत, मांडीवर वही, नाकावर चष्मा, आणि पडद्यावरची नावं सरायच्या आत घोरायला लागत. सिनेमा बघायची त्यांची बायको. दिवसभर इस्पितळात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढून पाय आंबलेले असायचे, तरी शेवटपर्यंत बघायची. तिला खरंच आवडायचे सिनेमे. सर जागे झाले की जांभई देत विचारत, "काय झालं गं शेवटी?" ती सांगायची. "कितव्या मिनिटाला?" तेही सांगायची. दोन दिवसांनी तिचंच बोलणं जड शब्दांचा कोट चढवून निबंधात जाऊन बसायचं.

एकदा सरांचे सहकारी घरी आले असताना ती म्हणाली, "अहो, तुम्ही आभारात ग्रंथपालांचं नाव घालता, झेरॉक्सवाल्याचं घालता. एकदा माझंही घाला की."

सर हसले. "अगं, बघणं वेगळं आणि अभ्यासणं वेगळं. तू आपली रडायला बघतेस."

पाहुणेही खो-खो हसले. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढा माजोरडा माणूस, आणि तो नेमका आपल्याच वाट्याला यावा!

पुढचा सिनेमा एका घड्याळजीचा होता. भाऊ त्याला फसवून निघून जातो, आणि शेवटी म्हातारा घड्याळजी दुकानात एकटा बसून एकेका घड्याळाला किल्ली देत राहतो. बस्स, एवढंच. तिला हुंदका आवरेना. तेवढ्यात सर जागे झाले. "हं, काय झालं शेवटी?"

तिने डोळे पुसले आणि शांतपणे सांगितलं, "दुकान पेटवून देतो."

"अरे वा!" सर वही सरसावून बसले. "कितव्या मिनिटाला?"

तिने मिनिटही सांगितलं.

या सिनेमावरच्या निबंधावरच सरांचं प्राध्यापकपद ठरणार होतं, हे तिला ठाऊक होतं. मुलाखतीत कुणीतरी विचारेल, ही आग कुठली? मग सर तोंडघशी पडतील, आणि डोळे कुणाचे वापरले ते एकदाचं कबूल करावं लागेल. एवढीच तिची आशा होती.

कसलं काय! मुलाखतीला बसलेल्या सगळ्या तज्ज्ञांनी माना डोलावल्या. एकाला म्हणे ती आग आठवून गहिवरून आलं. सर प्राध्यापक झाले. आणखी कुणीकुणी सरांचाच दाखला देत आगीवर निबंध पाडले, एकाने तर राखेवरही पाडला. या लोकांना लाज कशी वाटत नाही, असं तिला रोज वाटायचं.

मग सरांचा सत्कार ठरला आणि विद्यार्थ्यांनी हौसेने सभागृहात तोच सिनेमा लावला. ती पहिल्या रांगेत बसली. शेजारी सर सवयीप्रमाणे घोरत होते. पडद्यावर म्हाताऱ्याने शेवटच्या घड्याळाला किल्ली दिली आणि दिवे लागले.

"सर," मागून एका मुलीने विचारलं, "आग कुठे आहे?"

सर दचकून उठले. मग घसा खाकरून म्हणाले, "ही कापलेली प्रत आहे. मूळ प्रत मी पाहिली आहे."

आणि टाळ्या! विभागातले सगळे एकमेकांकडे बघून म्हणाले, हो हो, मूळ प्रत. ती विचारणारी मुलगी तेवढी टाळ्या न वाजवता बसून राहिली.

घरी आल्यावर सरांनी हार काढून टेबलावर टाकला. चेहरा पांढराफटक.

"अगं, आग होती ना?"

"मला काय विचारता? मी तर रडायला बघते. डोळ्यांत पाणी असलं की काय दिसतं माणसाला?"

सर मटकन खुर्चीत बसले. "पुस्तक छापून झालंय गं. अख्खं प्रकरण आहे त्या आगीवर. उद्या ती मुलगी कुठेतरी लिहील..."

"लिहू दे की. पुस्तकात आभार मानलेत ना सगळ्यांचे?"

"मानलेत."

"माझं नाव आहे त्यात?"

सर खाली बघत म्हणाले, "नाही."

"वाचले बाई मी!" ती म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली.